ऑफिसच्या इंटरनेट फोनसाठी कोडेक कसा ठरवावा: लाइन मोजण्यापासून चाचणी कॉलपर्यंत

इंटरनेटवर चालणाऱ्या ऑफिस फोनवर आवाज तुटायला लागला, की बहुतेक ठिकाणी पहिला हात कोडेकच्या (आवाज आकड्यांत बांधून पाठवण्याच्या आणि पलीकडे उलगडण्याच्या पद्धतीच्या) सेटिंगकडे जातो. कोणी सांगतं, ‘जी.७२९ लावा, बँडविड्थ वाचते.’ कोणी म्हणतं, ‘ओपस लावा, एचडी आवाज येतो.’ दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात. चुकतो तो क्रम. लाइन मोजलेली नसते, ट्रंकवर, म्हणजे टेलिफोन कंपनीकडे जाणाऱ्या जोडणीवर, काय चालतं ते विचारलेलं नसतं, आणि कोडेक बदलून झाल्यावर जुनी तक्रार तशीच राहते, वर एखादी नवीन सुरू होते.

पुढचे टप्पे एका नेहमीच्या मांडणीसाठी आहेत: मुख्य कार्यालयात ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारा पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज), दुसऱ्या गावात एक शाखा, टेलिफोन कंपनीकडून घेतलेला सिप ट्रंक (सिप म्हणजे इंटरनेटवर कॉल जुळवण्याची पद्धत) आणि काही जण घरून सॉफ्टफोनवर (संगणकावरच्या फोन-ॲपवर). तुमचा पीबीएक्स वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

## १. आवाजाची पूर्ण वाट कागदावर काढा

एक कॉल एकाच कोडेकमध्ये जातो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो तुकड्यातुकड्यांनी जातो. घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा आवाज ब्लूटूथ हेडसेटमधून लॅपटॉपवर, तिथून वाय-फायने राउटरकडे, मग पीबीएक्सकडे, पुढे ट्रंकवर आणि शेवटी ग्राहकाच्या मोबाइलवर पोचतो. या प्रत्येक तुकड्याखाली कोणता कोडेक आहे ते लिहा. सगळ्यात अरुंद तुकडा शेवटच्या आवाजाची मर्यादा ठरवतो.

दोन तुकडे हमखास राहून जातात. पहिला ब्लूटूथचा. गाणी ऐकताना उत्तम वाजणारा हेडसेट माइक चालू होताच हँड्सफ्री प्रोफाइलवर (ब्लूटूथच्या बोलण्यासाठीच्या जोडणीवर) येतो. जुन्या हेडसेटमध्ये तिथे सीव्हीएसडी हा कोडेक चालतो, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने. नव्यांत एमएसबीसी, म्हणजे १६,०००. सीव्हीएसडीवाल्या हेडसेटपुढे ओपस लावून काहीही हाती लागत नाही. दुसरा तुकडा ट्रंकचा. भारतातलं टेलिफोन जाळं साध्या टेलिफोनच्या जी.७११ कोडेकचा ए-लॉ प्रकार वापरतं, पण बऱ्याच पीबीएक्सच्या मूळ सेटिंगमध्ये अमेरिकेत चालणारा म्यू-लॉ वरच्या क्रमांकावर असतो. मग प्रत्येक बाहेरच्या कॉलवर विनाकारण रूपांतर होत राहतं.

ट्रंक देणाऱ्या कंपनीला हे प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा:

- कोणते कोडेक चालतात आणि कोणत्या क्रमाने?
- एका पॅकेटमध्ये (इंटरनेटवर जाणाऱ्या डेटाच्या पुडक्यात) किती मिलिसेकंदांचा आवाज?
- जी.७२९ असेल तर शांततेत पॅकेट थांबवणारं ॲनेक्स बी चालू आहे की बंद?
- आयव्हीआरसाठी (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणाऱ्या यंत्रणेसाठी) दाबलेले अंक कोणत्या पद्धतीने जातात?
- फॅक्ससाठी टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत) मिळतं का?

तपासणी: कागदावर एकाही तुकड्याखाली ‘माहीत नाही’ उरलं असेल तर पुढे जाऊ नका.

## २. लाइन मोजा, आणि ती भरलेली असताना मोजा

स्पीड टेस्टचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. तो सांगतो, मोठी फाइल किती वेगाने येईल. फोनला लागतं ते वेगळंच: छोटी पॅकेटं न हरवता, सारख्या अंतराने आणि लवकर पोचणं.

शाखेतून पीबीएक्सला दहा मिनिटं पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारा आदेश) लावा, तेही कामाच्या ऐन वेळेत. मग त्याच वेळी एक मोठी फाइल क्लाउडवर चढवायला घ्या आणि पिंगचे आकडे पाहत राहा. मोकळ्या लाइनवर २५ मिलिसेकंद असलेला आकडा अपलोड सुरू होताच ३०० वर गेला, तर दोष राउटरमधल्या रांगेचा आहे. जगातला कोणताही कोडेक ही रांग कमी करत नाही. तिथे राउटरवर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग सेवादात्याच्या उपकरणात न लागता तुमच्या हातात राहील, आणि आवाजाच्या पॅकेटांना पुढे काढा. फोनमध्ये पॅकेटांवर डीएससीपी ४६ (‘हे आधी सोडा’ असं राउटरला सांगणारी) ही खूण लावता येते. सार्वजनिक इंटरनेट या खुणेकडे सहसा लक्ष देत नाही, पण तुमचा राउटर देतो, आणि गर्दी बहुतेक वेळा तिथेच असते.

अरुंद लाइनवर नुसतं एक मोठं पॅकेटही त्रास देतं. १,५०० बाइटचं पॅकेट ५१२ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट) अपलोडवरून बाहेर पडायला सुमारे २३ मिलिसेकंद घेतं. तेवढा वेळ आवाजाचं पॅकेट मागे उभं.

विलंबाची बेरीजही आत्ताच करून ठेवा. दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आयटीयू-टीच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज चालतं. पॅकेट भरायला २०, जी.७२९ ची पुढचा आवाज आधी पाहून घेण्याची गरज ५, जिटर बफर (पुढेमागे पोचणारी पॅकेटं सारख्या अंतराने देण्यासाठी थांबवून ठेवणारी जागा) ६०, नेटवर्क ४०, असे झाले १२५. म्हणजे हाताशी उरले जेमतेम २५. पिंगचा आकडा जाऊन-येऊनचा असतो, या बेरजेत त्याचा निम्मा धरा.

इशारा: भरलेल्या लाइनवर पॅकेट लॉस (हरवलेल्या पॅकेटांचं प्रमाण) १ टक्क्याच्या किंवा जिटर (पॅकेटांमधल्या अंतराची कमीजास्त) ३० मिलिसेकंदांच्या वर असेल तर आधी लाइन, वाय-फाय आणि राउटर नीट करा. या अवस्थेत केलेली कोडेकची तुलना फसवी निघते.

## ३. बँडविड्थचा हिशोब हेडर धरून करा

जी.७११ चा वेग ६४ केबीपीएस, जी.७२९ चा ८. त्यावरून ‘आठपट बचत’ असं सर्रास सांगितलं जातं, आणि इथेच हिशोब चुकतो. प्रत्येक पॅकेटला आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि आवाज वाहणाऱ्या आरटीपीचे १२, असे ४० बाइट हेडर (पत्ता वगैरे लिहिलेला भाग) लागतात, आत आवाज कितीही असो. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटने सेकंदाला ५० पॅकेटं होतात. म्हणून एका दिशेचा खरा खर्च असा:

- जी.७११ आणि जी.७२२: १६० + ४० = २०० बाइट, म्हणजे ८० केबीपीएस
- ओपस, २४ केबीपीएसवर: ६० + ४० = १०० बाइट, म्हणजे ४० केबीपीएस
- जी.७२९: २० + ४० = ६० बाइट, म्हणजे २४ केबीपीएस

इथरनेटची (केबलवर जाताना पॅकेटभोवती लागणारी) चौकट धरली तर प्रत्येकात आणखी ७.२ केबीपीएस मिळवा. आठपट वाटणारी बचत सव्वातीनपटीवर आली. शाखा आणि मुख्य कार्यालय वायरगार्डच्या बोगद्याने (इंटरनेटवरच्या सुरक्षित व्हीपीएन जोडणीने) जोडलेली असतील तर ती आणखी आटते. वायरगार्ड आतलं पॅकेट १६ च्या पटीत भरून घेतो आणि वर ६० बाइट चढवतो. मग जी.७२९ चा कॉल जवळपास ५० केबीपीएस घेतो आणि जी.७११ चा सुमारे १०७. फरक राहिला दुपटीपेक्षा थोडा जास्त.

समजा शाखेत एका वेळी १२ कॉल होतात आणि बोगद्यातून अपलोड २ एमबीपीएस मिळतो. जी.७११ वर सुमारे १,२८६ केबीपीएस लागतील, म्हणजे अपलोडचा ६४ टक्के भाग. जी.७२९ वर सुमारे ६००, म्हणजे ३० टक्के. मी आवाजाला अपलोडच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देत नाही, कारण उरलेल्या जागेत त्याच ऑफिसचं बिलिंग आणि ईमेलही चालायचं असतं. या शाखेत जी.७२९ किंवा कमी वेगाचा ओपस योग्य. पण त्याच शाखेत ५० एमबीपीएसची फायबर लाइन असेल तर बचतीचा प्रश्नच उरत नाही. तिथे जी.७२९ लावणं म्हणजे काही न मिळवता आवाज खराब करून घेणं, आणि हे आजही रोज होतं.

इशारा: हेडरचा खर्च कमी करायला पॅकेट ४० मिलिसेकंदांचं करण्याचा मोह होतो. जी.७२९ खरंच २४ वरून १६ केबीपीएसवर येतो. पण विलंब २० मिलिसेकंदांनी वाढतो आणि हरवलेल्या प्रत्येक पॅकेटबरोबर ४० मिलिसेकंदांचा आवाज जातो. एवढ्यात एखादं व्यंजन पूर्ण गायब होतं. लाइन हरवती असेल तर २० च ठेवा.

## ४. कोडेक निवडा: तुकड्यागणिक, सगळीकडे एकच नव्हे

आता कागदाकडे परत या आणि प्रत्येक तुकड्यासाठी कोडेक ठरवा.

पट्टा किती रुंद आहे ते आधी पाहा. साधा टेलिफोन आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्ये बसवलेला असतो, जी.७११ आणि जी.७२९ दोन्ही याच पट्ट्यातले. जी.७२२ तेवढ्याच ६४ केबीपीएसमध्ये ५० ते ७,००० हर्ट्झ नेतो. मराठीत बोलताना याचा फरक आकड्यांवर दिसतो. ‘स’ची बरीचशी ऊर्जा ३,४०० हर्ट्झच्या वर असते, त्यामुळे अरुंद पट्ट्यावर ‘साठ’चा ‘आठ’ ऐकू येणं अगदी शक्य आहे. आपसांत ऑर्डर किंवा रक्कम फोनवर सांगणाऱ्या ऑफिसने अंतर्गत फोनांवर जी.७२२ लावावा असं मी आग्रहाने सांगेन. बँडविड्थ एक बिटही जास्त लागत नाही, आणि बहुतेक डेस्क फोनमध्ये तो आधीपासून असतो.

मग लॉस. कोणता कोडेक ‘चांगला’ हे लाइन किती हरवते त्यावर पालटतं. आवाजाचा दर्जा गुणांत मांडणाऱ्या आयटीयू-टीच्या ई-मॉडेलमध्ये सगळं ठीक असताना गुण ९३.२ धरतात आणि कोडेक व लॉस यांमुळे होणारी घट त्यातून वजा करतात. त्यांच्याच जी.११३ शिफारशीतले आकडे घालून विखुरलेल्या लॉससाठी गणित केलं की घट अशी येते:

- लॉस शून्य: जी.७११ ला ०, ॲनेक्स बीसह जी.७२९ए ला (जी.७२९ च्या हलक्या प्रकाराला) ११
- लॉस १ टक्का: हरवलेला आवाज झाकण्याची सोय असलेल्या जी.७११ ला सुमारे ४, ती सोय नसलेल्या जी.७११ ला सुमारे १८, जी.७२९ए ला सुमारे १५
- लॉस ३ टक्के: त्याच क्रमाने सुमारे १०, ३९ आणि २२

मधला आकडा नीट पाहा. हरवलेलं पॅकेट झाकण्याची सोय फोनमध्ये नसेल तर १ टक्का लॉसलाच जी.७११ हा जी.७२९ च्या खाली जातो. जी.७२९, आयएलबीसी आणि ओपस यांच्या डिकोडरमध्ये ही सोय आतच असते. जी.७११ साठी ती उपकरण बनवणाऱ्याने वेगळी घालावी लागते, आणि स्वस्त ॲडॉप्टरमध्ये (साधा फोन इंटरनेटला जोडणाऱ्या डबीत) ती कधी असते, कधी नसते. ‘जी.७११ लावला तरी खरखर’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

घरून काम करणाऱ्यांसाठी माझी निवड ओपस. २०१२ साली आरएफसी ६७१६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचं पत्रक) म्हणून आलेला हा कोडेक ६ ते ५१० केबीपीएसमध्ये कुठेही चालतो, आणि मागच्या पॅकेटची जाड-भरडी प्रत पुढच्या पॅकेटमध्ये घालून पाठवू शकतो. घरच्या वाय-फायवर याचा फार आधार होतो.

ट्रंकवर मात्र ए-लॉच. पलीकडे मोबाइल कंपनी स्वतःच्या कोडेकमध्ये रूपांतर करणारच आहे. त्याआधी आपण जी.७२९ घातला तर दोन्हींची हानी एकावर एक चढते. ई-मॉडेलमध्ये ही घट सरळ बेरजेने धरतात: शाखेत जी.७२९, मध्ये ए-लॉ आणि पुढे ट्रंकवर पुन्हा जी.७२९ असेल तर वजाबाकी २२ ची. एकदा गाळलेला आवाज पुढच्या रुंद कोडेकने परत येत नाही.

फॅक्स, कार्ड स्वाइपचं जुनं मोडेम आणि अलार्मची लाइन यांना जी.७२९ कधीही देऊ नका. होल्डवरचं संगीतही त्यात घोगरं होतं, कारण तो माणसाच्या आवाजासाठीच बांधलेला आहे.

## ५. सेटिंग याच क्रमाने करा

आधी सगळे कोडेक बंद करा. ॲस्टरिस्कमध्ये ‘डिसअलाऊ’ला ‘ऑल’ द्या आणि मग हवे तेवढेच ‘अलाऊ’मध्ये क्रमाने लिहा. पहिली ओळ विसरली तर जुने कोडेक यादीत राहतात आणि कॉल भलत्याच कोडेकवर जुळतो. प्रत्येक गटाला दोनच पुरेत: डेस्क फोनला जी.७२२ आणि ए-लॉ, सॉफ्टफोनला ओपस आणि ए-लॉ, अरुंद लाइनच्या शाखेला तिसऱ्या टप्प्यात ठरलेला कोडेक आणि ए-लॉ, ट्रंकला फक्त ए-लॉ. सगळ्या याद्यांत ए-लॉ समान राहू द्या, म्हणजे काहीच जुळलं नाही तरी कॉल लागतो.

मग रूपांतराची सोय तपासा. ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर ‘कोअर शो ट्रान्सलेशन’ दिल्यावर कोणत्या कोडेकमधून कोणत्यात जाता येतं त्याचा तक्ता येतो. ज्या चौकटीत आडवी रेघ आहे तिथे वाट नाही. ओपसचं मॉड्यूल बसवलेलं नसेल तर दोन ओपस फोन एकमेकांशी बोलतात, पण ट्रंककडे जाणारा कॉल मुका राहतो. जी.७२९ चंही तसंच आहे. त्याच्या पेटंटचं शुल्क २०१७ पासून लागत नाही, तरी मॉड्यूल लागतंच.

ॲनेक्स बी दोन्हीकडे सारखं ठेवा. सिपच्या वाटाघाटीत त्याचा उल्लेखच नसेल तर ‘चालू’ असा अर्थ घेतला जातो. म्हणून बंद हवं असेल तर ‘नो’ स्पष्ट लिहा. ते चालू असताना शांततेनंतरच्या पहिल्या अक्षराचं टोक कापलं जाऊ शकतं, आणि ‘साठ’मधला ‘स’ नेमका तिथेच असतो. बँडविड्थची अगदीच ओढाताण नसेल तर बंद ठेवा.

फोनवर दाबलेले अंक आवाजातून पाठवू नका. आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळ्या घटना म्हणून पाठवा, फोन आणि ट्रंक दोन्हीकडे. जी.७२९ मधून गेलेला टोन पलीकडचं आयव्हीआर नीट ओळखेलच असं नाही.

ओपसची भरपाई, म्हणजे मागच्या पॅकेटची ती जादा प्रत, खरोखर चालू आहे का पाहा. ‘इनबँड एफईसी’वर खूण केली, पण अपेक्षित पॅकेट लॉस शून्यावर ठेवला, तर एन्कोडर जादा प्रत घालतच नाही. तिथे ५ टक्के द्या. ही प्रत त्याच वेगाच्या हद्दीत बसवली जाते, म्हणून वेग १६ केबीपीएसवर अडवू नका, २४ द्या.

जिटर बफर एकाच ठिकाणी. फोनमध्ये आपोआप जुळवून घेणारा बफर असताना पीबीएक्समध्येही तो चालू केला तर विलंब दोनदा भरावा लागतो.

इशारा: सिपच्या वाटाघाटीतल्या जी.७२२ च्या ओळीत ८,००० हा आकडा दिसला तर ‘दुरुस्त’ करून १६,००० करू नका. मूळ आरएफसीतली ती चूक जुन्या उपकरणांशी जुळावं म्हणून तशीच ठेवली आहे. बदललीत तर कॉल जुळणार नाही.

## ६. एका वेळी एकच बदल, आणि ऐकून चाचणी

सेटिंगमध्ये लिहिलेला कोडेक आणि कॉलवर जुळलेला कोडेक वेगळे असू शकतात. म्हणून चालू कॉल असताना वायरशार्कमध्ये (पॅकेटं उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सिपचं उत्तर उघडा आणि ऑडिओच्या ओळीत ‘आरटीपी/एव्हीपी’नंतरचा पहिला क्रमांक वाचा: ० म्हणजे म्यू-लॉ, ८ म्हणजे ए-लॉ, ९ म्हणजे जी.७२२, १८ म्हणजे जी.७२९. ओपसला ठरलेला क्रमांक नाही, तो ९६ ते १२७ मधला कोणताही असतो. त्यानंतर आरटीपीचे प्रवाह दोन्ही दिशांनी तपासा. जाणारा आवाज ए-लॉमध्ये आणि येणारा जी.७२९ मध्ये, असंही आढळतं. लॉस आणि जिटर त्याच खिडकीत दिसतात. ॲस्टरिस्कवर ‘पीजेसिप शो चॅनलस्टॅट्स’नेही मिळतात.

मग कानाची चाचणी. ‘हॅलो हॅलो, येतोय का आवाज?’ ही चाचणी नव्हे. वीस शब्दांची यादी करा, त्यात जवळच्या उच्चाराच्या जोड्या विखरून टाका: आठ–साठ, सात–हात, साल–शाल, एकोणसाठ–एकोणसत्तर, सहासष्ट–सदुसष्ट. एकाने वाचायचं, पलीकडच्याने ऐकलेलं लिहून घ्यायचं. यादी आधी दाखवायची नाही. एकदा पुरुषाच्या आणि एकदा स्त्रीच्या आवाजात करा. अधूनमधून दोन सेकंद थांबून बोला, म्हणजे ॲनेक्स बीने कापलेली सुरुवात उघडी पडेल.

मधल्या लिनक्स मशीनवर ‘नेटेम’ने आधी १ आणि मग ३ टक्के लॉस मुद्दाम घालून हीच यादी पुन्हा वाचा. नेटेम फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर लागू होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या इंटरफेसवर वेगवेगळा लावावा लागतो. शेवटी ब्लूटूथ काढून वायरच्या हेडसेटवर एक फेरी करा. तिथे चुका एकदम कमी झाल्या तर कोडेकला हात लावायची गरजच नव्हती.

## ७. कॉलच्या संख्येला कुलूप घाला

हा टप्पा जवळपास कोणीच करत नाही. तिसऱ्या टप्प्यात १२ कॉलचा हिशोब केला, पण पीबीएक्सला तो माहीत नाही. तेराव्या, पंधराव्या कॉललाही तो जागा देतो, आणि लाइन भरली की एकटा पंधरावा कॉल खराब होत नाही, सगळेच पंधरा होतात. मग तक्रार येते की ‘नवीन कोडेक सकाळी ठीक चालतो, दुपारी बिघडतो.’

शाखेच्या बोगद्यासाठी आणि ट्रंकसाठी एकाच वेळच्या कॉलची कमाल संख्या ठरवून द्या. ॲस्टरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये (कॉल कुठे जायचा ते ठरवणाऱ्या नियमांत) ‘ग्रुप’ आणि ‘ग्रुप_काउंट’ वापरून चालू कॉल मोजता येतात. मर्यादा आली की नव्या कॉलला व्यस्त टोन द्या किंवा दुसऱ्या लाइनवर वळवा. ती बसवल्यावर मुद्दाम तेरा फोन एकदम उचलून पाहा. तेराव्याला व्यस्त टोन मिळाला पाहिजे आणि आधीच्या बारांपैकी एकावर शब्दांची यादी पूर्ण आणि बिनचूक उतरली पाहिजे.